यादीत राहिलेली भुतं

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. एकेचाळीस पुस्तकं. निम्मी भुताखेतांची, निम्मी खून, पाठलाग आणि कटकारस्थानांची, आणि तळाशी तुझा प्रश्न : "मावशी, यातलं एकही वाचून पूर्ण झालेलं नाही. सगळी खोडून नव्याने यादी करू का?"

मी यादी दोनदा वाचली. पहिल्यांदा पुस्तकांची नावं वाचली. दुसऱ्यांदा त्या नावांपुढे तू पेन्सिलीने बारीक अक्षरात टाकलेले शेरे वाचले. 'सुरू केलं नाही.' 'तीस पानं.' 'शेवट कळला.' 'रात्री नको.' ज्याने पुस्तकं मनातून काढून टाकली आहेत तो एवढ्या नोंदी ठेवत बसत नाही. म्हणून खोडू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

'सुरू केलं नाही' अशी चौदा आहेत. त्यांच्यावर फार वेळ घालवू नको. एका दुपारी चौदाही समोर घे आणि प्रत्येकाची पहिली तीन पानं वाच. चौथं पान आपोआप उलटलं गेलं तर पुस्तक ठेव. कुणीतरी नाव घेतलं म्हणून, किंवा मुखपृष्ठावरचा वाडा आवडला म्हणून टाकलेली त्यात बरीच असतील. ती गेली तरी चालतील.

'शेवट कळला' असं लिहिलेल्या नऊ पुस्तकांवरून मात्र मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तुझ्या यादीत 'द डे ऑफ द जॅकल' आहे. फ्रेडरिक फॉर्सिथची ही कादंबरी १९७१ साली आली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारण्याची सुपारी एका धंदेवाईक मारेकऱ्याला दिली जाते, एवढी गोष्ट. आता हे बघ : द गॉल १९७० सालच्या नोव्हेंबरात स्वतःच्या घरी वारले होते. म्हणजे कादंबरी हातात घेणाऱ्या पहिल्या वाचकालासुद्धा पहिल्या ओळीच्या आधीच ठाऊक होतं, की हा मारेकरी अपयशी ठरणार. शेवट कुणी फोडायची गरजच नव्हती, तो वर्तमानपत्रांत छापून आला होता. तरीही लोकांनी ती रात्र रात्र जागून वाचली. का, ते तू वाचशील तेव्हा तुला कळेलच, पण एक प्रसंग सांगते. तो मारेकरी मुद्दाम बनवून घेतलेली बंदूक घेऊन एकटाच जंगलात जातो. एका खरबुजावर माणसाचा चेहरा रंगवतो, ते झाडाला टांगतो, लांब जाऊन नेम धरतो. गोळी झाडायची, चालत खरबुजापर्यंत जायचं, भोक कुठे पडलं ते बघायचं, परत यायचं, दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा गोळी. लेखकाला कसलीही घाई नाही. वाचताना माझ्या लक्षात आलं, की मी मनातल्या मनात त्या मारेकऱ्याचा नेम बरोबर लागावा म्हणून श्वास रोखून बसले आहे. एका खुनी माणसाचा नेम! ही कादंबरी 'कोण जिंकणार' या प्रश्नावर उभीच नाही. एखादं काम चोख करणाऱ्या माणसाच्या बाजूला आपण कधी जाऊन उभे राहिलो, ते आपल्याला कळत नाही, त्यावर ती उभी आहे. शेवट माहीत असून यातलं काय बिघडलं?

'ड्रॅक्युला'पुढेही तू तेच लिहिलं आहेस. त्याचा शेवट तर जगाला माहीत आहे, पण सुरुवातही माहीत आहे, आणि खरी अडचण ती आहे. १८९७ साली ब्रॅम स्टोकरचं पुस्तक ज्यांनी उघडलं त्यांना ते नाव ऐकून काहीच वाटलं नसणार. एक तरुण वकील घराच्या व्यवहाराचे कागद घेऊन परदेशातल्या एका सरदाराकडे निघाला आहे, एवढंच त्यांच्यासमोर होतं. तू त्या वाचकाच्या जागी जाऊन बस. वाड्यातल्या एका सकाळी हा वकील खिडकीशी छोटा आरसा टांगून दाढी करतोय. खांद्यावर हात पडतो, सरदार सुप्रभात म्हणतो. वकील दचकतो, त्याला किंचित कापतं. कारण आरशात त्याच्या मागची सगळी खोली दिसते आहे, आणि त्या खोलीत कुणीच नाही. आपल्याला रक्तपिपासूंचे सगळे नियम पाठ, म्हणून आपण हे वाक्य ओलांडून पुढे जातो. त्या बिचाऱ्याला यातला एकही नियम माहीत नाही. तो रोजनिशीत लिहितो, कारण लिहिल्याशिवाय आपलं डोकं ठिकाणावर राहणार नाही अशी त्याला भीती वाटते.

आणि तुला आवडेल अशी एक गोष्ट त्या पुस्तकात आहे, जी सिनेमे बघून कळत नाही. सबंध कादंबरी रोजनिश्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रातली कात्रणं यांची बनलेली आहे, आणि ते सगळं टाइपरायटरवर उतरवून, तारखांप्रमाणे लावून कोण ठेवतं, तर मीना ही तरुण बाई. एका डॉक्टरची रोजनिशी फोनोग्राफच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेली, तीही ती ऐकून टाइप करते. पुढे ड्रॅक्युला येऊन ते मूळ कागद आणि ती नळकांडी जाळून टाकतो. पण एक प्रत तिजोरीत असते, म्हणून पुस्तक उरतं. क्रूस आणि लसूण सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला त्या पुस्तकात सगळ्यात जास्त धीर देणारी वस्तू वाटते ती ही तिजोरीतली प्रत.

स्टीव्हन्सनच्या डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइडचंही तसंच. ती दोन माणसं एकच, हे आज शाळकरी मुलालाही माहीत असतं. १८८६ साली ते छोटंसं पुस्तक आलं तेव्हा वाचकाला हे अगदी शेवटच्या प्रकरणांत कळत होतं. तोवर त्याच्यापाशी होता एक वकील आणि एक मृत्युपत्र. वकिलाच्या सभ्य, श्रीमंत मित्राने लिहून ठेवलंय, की मी मेलो किंवा नाहीसा झालो तर माझं सगळं या हाइडला मिळावं. वकिलाला वाटतं, मित्राचं काहीतरी जुनं प्रकरण असणार आणि हा हाइड त्याला धाक दाखवून लुबाडतोय. आता तू शेवट माहीत असताना हेच वाच. मित्राची अब्रू सांभाळण्यासाठी हा भला माणूस किती गोष्टींकडे काणाडोळा करतो, ते तुला प्रत्येक पानावर दिसेल. १८८६ च्या वाचकाला पहिल्या फेरीत ते एवढं दिसलं नसणार. तुला दिसेल.

'तीस पानं' लिहिलेली अकरा आहेत. ती तिथेच का अडकली, याचा मला अंदाज आहे. गूढ कादंबरीची पहिली पानं बहुतेक वेळा साधी असतात, कधी कधी तर रटाळच. घरात माणसं किती, जिन्याला पायऱ्या किती, स्वयंपाकघराचं दार कुठल्या बाजूला उघडतं. अशा वेळी वाचक म्हणतो, भूत कधी येणार? पण रोजचं घर आधी पक्कं मनात बसल्याशिवाय त्यातला फरक कळणार कसा? नेहमी बंद असलेलं दार एके दिवशी बोटभर उघडं आहे, ही बातमी व्हायची असेल तर ते नेहमी बंद असतं हे आपल्या हाडात मुरलेलं पाहिजे. म्हणून या पुस्तकांकडे परत जाताना एकतिसाव्या पानापासून सुरुवात करू नको. गोष्ट आठवते म्हणून तुला वाटेल, पुढे जाऊ. गोष्ट आठवत असेलही, पण ते दार तू विसरलेला असशील. पहिल्या पानापासून घे, आणि पहिल्या बैठकीला निदान दीड तास हाताशी ठेव. फोन दुसऱ्या खोलीत. भीती हळूहळू साठत जाते, आणि दर पाच मिनिटांनी उठलं की ती सांडते.

थरारक कादंबऱ्यांचं वेगळं. त्या तुकड्या-तुकड्यांनी वाचलेल्या चालतात. मुळात यातल्या कितीतरी तशाच जन्मल्या. विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' डिकन्सच्या साप्ताहिकातून १८५९-६० मध्ये चाळीस हप्त्यांत आली. लोकांनी ती नऊ महिने आठवड्याला एक हप्ता अशी वाचली, आणि मधल्या सहा दिवसांत पुढे काय होईल त्यावर बोलत राहिले. तुझ्याकडे ती आहे, 'फारच मोठी' असा शेराही आहे. तू रोज एक हप्ता घे. कोर्टात साक्षीदार एकामागून एक उभे राहावेत तशी तिच्यात माणसं बदलत जातात, प्रत्येकजण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. अशा पुस्तकासोबत एक कोरा कागद ठेव. कोण, कुणाचा कोण, कुठल्या तारखेला कुठे. मी वाचनखूण म्हणून तोच कागद वापरते. तू मध्येच सोडलेल्या बहुतेक थरारक पुस्तकांत तुला कंटाळा आलेला नसणार, तुला नावं आठवेनाशी झाली असणार. त्याला इलाज हा कागद.

आणि प्रस्तावना शेवटी वाच. जुन्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांना विद्वान लोक मोठ्या प्रेमाने प्रस्तावना लिहितात आणि दुसऱ्या पानावर सगळं सांगून मोकळे होतात. मलपृष्ठसुद्धा बघू नको.

'द टर्न ऑफ द स्क्रू'पुढे तू लिहिलंयस, 'भूत आहे की नाही तेच कळत नाही, सोडलं.' अरे, तेच तर आहे. हेन्री जेम्सची ही दीर्घकथा १८९८ साली आली. १९३४ साली एडमंड विल्सन या समीक्षकाने मांडलं, की भुतं त्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईच्या मनातली आहेत, आणि तेव्हापासूनचा वाद अजून मिटलेला नाही. तू जिथे वैतागलास तिथे तू ती कथा अगदी बरोबर वाचत होतास. परत जा. लहानच आहे.

मध्येच एक सांगायचं राहिलं. तुझ्या यादीत 'ड्रॅक्युला', स्टीफन किंगचं 'सेलम्स लॉट' आणि नारायण धारपांचं 'लुचाई' ही तिन्ही आहेत, पण तीन ठिकाणी विखुरलेली. ती एका घरातली आहेत. किंग शाळेत 'ड्रॅक्युला' शिकवत होता, आणि हा ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, या विचारातून त्याची १९७५ ची कादंबरी निघाली. धारपांनी तिच्यावरून 'लुचाई' लिहिली. मी तुला क्रम देते, पटला तर बघ : आधी 'लुचाई', मग बाकीची दोन. कारण ज्या भाषेत आपल्याला स्वप्नं पडतात त्या भाषेतली भीती थेट आत जाते, मध्ये शब्दकोश उभा राहत नाही. मराठीत ती भीती अंगावर घेऊन झाली, की मग तीच गोष्ट मागे मागे शोधत जाताना प्रत्येक लेखकाने काय ठेवलं आणि काय सोडून दिलं हे दिसायला लागतं. मी ही तीन पुस्तकं तुझ्या वयात उलट क्रमाने वाचली, आणि 'लुचाई'ला तिच्या वाट्याची भीती देऊ शकले नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

आता उरली 'रात्री नको.' सात.

अ‍ॅन रॅडक्लिफ नावाची एक इंग्रज लेखिका होती, अठराव्या शतकाच्या अखेरीस तिच्या गूढ कादंबऱ्या फार वाचल्या जायच्या. तिचा एक लेख ती गेल्यानंतर, १८२६ साली, छापून आला. त्यात तिने भीतीचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एका भीतीने मन विस्तारतं, जागं होतं. दुसरीने ते आक्रसतं, गोठतं. दोनशे वर्षं होत आली, तरी याहून उपयोगी फूटपट्टी मला मिळालेली नाही. ती तुझ्या सातांना लावून बघ. ज्या पुस्तकाने तुला रात्री उठून खिडकीपाशी नेलं, कान टवकारायला लावले, ते परत घे. ज्याने नुसतं मळमळलं, जिथे पानामागून पान कुणाचे तरी हाल चालले आहेत आणि लेखकाला त्या माणसाचं नावसुद्धा नीट आठवत नाही, ते सोडून दे. त्यात भित्रेपणा नाही. मीही तशी काही सोडली आहेत आणि त्यांच्याकडे परत गेले नाही.

पण तिसराही एक प्रकार असतो. त्याबद्दल मी आजवर कुणाशी फारसं बोलले नाही.

माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा रात्री त्यांच्याजवळ मी बसायचे. झोप लागू नये म्हणून पुस्तक न्यायचे. तेव्हा शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' वाचत होते, १९५९ सालची. एका पछाडलेल्या घरात चार माणसं राहायला येतात. त्यातली एलिनॉर एका रात्री अंधारात आपल्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडून राहते, कारण पलीकडून आवाज येतायत. उजेड होतो तेव्हा मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या पलंगावर असते. मग आपण कुणाचा हात धरला होता, असं एलिनॉर विचारते.

मी तिथे थांबले. माझ्या डाव्या हातात पुस्तक होतं आणि उजव्या हातात वडिलांचा हात. त्यांच्या औषधांच्या वेळा लिहिलेली चिठ्ठी मी त्या पानात घातली आणि पुस्तक मिटलं. नंतर ते घरी कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. यादीत नाव ठेवलं, पुढे काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार?

नऊ वर्षांनी ते खाली काढलं. चिठ्ठी तशीच होती, शाई थोडी फिकटलेली : आठ, दोन, दहा. ती काढून ठेवली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्या वेळी जे नुसतं डोळ्यांखालून गेलं होतं ते या वेळी दिसलं. एलिनॉरने त्या घरात येण्याआधी अकरा वर्षं आजारी आईची सेवा केलेली असते. तिला स्वतःचं म्हणून काहीच उरलेलं नसतं. मी त्या हाताच्या पानापर्यंत पोचले आणि या वेळी घाबरले नाही, मला तिची दया आली. मग पुढे, मी तेव्हा जिथवर पोचलेच नव्हते तिथे, ती सांगते, की आई रात्री भिंतीवर ठोकत होती, आपल्याला हाक मारत होती, आणि आपण उठलोच नाही. की उठलो आणि पुन्हा झोपलो, हे तिलाच नक्की ठाऊक नाही.

मुला, ते पान मी त्या रात्रींमध्ये वाचलं असतं तर मला झेपलं नसतं. मीही एकदा दहाच्या औषधाला अर्धा तास उशिरा उठले होते. नऊ वर्षांनी ते वाचलं आणि पुस्तक छातीवर ठेवून बराच वेळ पडून राहिले. इतकी वर्षं मी जे कुणालाच विचारलं नव्हतं, ते एका भुताच्या गोष्टीतल्या बाईने विचारलं होतं, आणि तिलाही उत्तर मिळालेलं नव्हतं. मला एकटं वाटलं नाही. मग उठून उरलेली पानं वाचून काढली.

म्हणून सगळी यादी खोडू नको म्हणते. चौदांमधली गाळून टाक. शेवट कळलेली नऊही ठेव. जेकिल आणि हाइड या आठवड्यात घे, दोन बैठकांत होईल, त्या मृत्युपत्रावर लक्ष ठेव आणि वकिलाबद्दल तुझं मत मला कळव. त्यानंतर 'लुचाई'. कॉलिन्सचा कागद आजच घडी करून पहिल्या पानात घालून ठेव.

सातांपैकी एका नावापुढे तू 'रात्री नको'च्या शेजारी एक तारीखही लिहिली आहेस. ती तारीख माझ्या लक्षात आहे. त्या दिवशी मी तुमच्याकडेच होते. ते पुस्तक एवढ्यात काढू नको, पण नाव राहू दे. आणि ज्या पानावर थांबलास तिथे काही खूण ठेवली असशील, तर तीही तशीच असू दे.

तुझी,
मावशी